टिळकांचा खटला संपला, दावा उरला

४ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाळ गंगाधर टिळकांना निर्दोष ठरवले. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून त्यांना झालेली शिक्षा रद्द झाली आणि जवळपास दोन वर्षे मागे लागलेला फौजदारी ससेमिरा संपला. पण ज्या घटनेवरून हा खटला उभा राहिला, तिच्याविषयीचा दावा अजून पुण्याच्या दिवाणी न्यायालयात चालूच होता. त्याचा अंतिम निकाल लागायला १९१५ साल उजाडले. घटना एकच, माणसे तीच आणि साक्षीपुरावाही बराचसा तोच. तरी एका न्यायालयात जे संपले ते दुसऱ्यात आणखी ११ वर्षे रेंगाळले.

दिवाणी आणि फौजदारी कायद्यातला फरक समजून घ्यायला ताई महाराज प्रकरणाइतके चांगले उदाहरण मराठी माणसाला शोधूनही सापडणार नाही. टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या आयुष्याची दोन दशके व्यापणारे हे प्रकरण मात्र फारसे वाचले जात नाही.

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी इस्टेटीची व्यवस्था पाहण्यासाठी जे विश्वस्त नेमले, त्यांत टिळक आणि दादासाहेब खापर्डे होते. मृत्युसमयी त्यांच्या पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. त्यांना मुलगा झाला, पण तो काही आठवड्यांतच दगावला. मृत्युपत्रानुसार आता दत्तक घेणे आले. जून १९०१ मध्ये औरंगाबादेत पंडित घराण्याच्याच एका शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. पुढे ताई महाराजांचे मत फिरले. तो दत्तकविधी झालाच नाही असे सांगून त्यांनी ऑगस्टमध्ये दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि विश्वस्तांचे अधिकार काढून घ्यावेत म्हणून न्यायालयात अर्ज केला.

जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये टिळकांच्या विरोधात निकाल दिला. एवढ्यावर न थांबता त्यांनी टिळकांची साक्ष खोटी मानून त्यांना फौजदारी कारवाईसाठी मॅजिस्ट्रेटकडे पाठवले. इथे इस्टेटीच्या वादातून गुन्ह्याचा खटला जन्माला आला. ऑगस्ट १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी १८ महिने सक्तमजुरी आणि १ हजार रुपये दंड ठोठावला. सत्र न्यायाधीश लुकस यांनी जानेवारी १९०४ मध्ये ती शिक्षा ६ महिन्यांवर आणली. शेवटी मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांच्यापुढे टिळक सुटले.

त्या सुटकेने जगन्नाथ महाराज वारस ठरले का? नाही. फौजदारी न्यायालयापुढे प्रश्न होता, टिळक जाणूनबुजून खोटे बोलले हे सरकारने सिद्ध केले का? दिवाणी न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा होता: औरंगाबादचा दत्तकविधी कायद्याने ग्राह्य आहे का, आणि इस्टेट कोणाची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर टिळकांच्या बाजूने आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप येत नव्हते. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दत्तक वैध ठरवले. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून जगन्नाथ महाराजांचे दत्तकत्व मान्य केले. साक्षीदाराला खोटे ठरवायचे असेल तर त्याच्या विरोधातले कागद त्याच्यापुढे ठेवून त्याला खुलाशाची संधी द्यायला हवी, हे प्रिव्ही कौन्सिलने त्या निकालात सांगितले. भारतातली न्यायालये आजही त्याचा आधार घेतात.

या प्रकरणांच्या नावांतच दोन्ही कायद्यांची रचना दिसते. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याचे नाव ‘सम्राट विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’ आणि प्रिव्ही कौन्सिलपुढच्या अपिलाचे ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’. फौजदारी खटल्यात एका बाजूला राज्यसंस्था असते. चोरी एका घरात झाली, तरी ती साऱ्या समाजाच्या शांततेविरुद्ध केलेली कृती मानली जाते. म्हणून तपास पोलीस करतात, खटला सरकारी वकील चालवतो आणि कागदावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असे लिहिले जाते. ज्याच्या घरी चोरी झाली तो फिर्यादी आणि महत्त्वाचा साक्षीदार असतो, पण खटल्याची दोरी त्याच्या हाती नसते. दिवाणी दाव्यात वादी आणि प्रतिवादी दोघेही आपापल्या हक्कासाठी उभे असतात. वकील आपणच द्यायचा, पुरावा आपणच गोळा करायचा, दाव्याच्या मूल्यानुसार कोर्ट फी आपणच भरायची. सरकारही इथे साधा पक्षकार होऊ शकते. त्याच्यावर दावा लावण्यापूर्वी सहसा २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, एवढेच.

तालुक्याच्या न्यायालयात तर अनेकदा दोन्ही कामे एकच व्यक्ती करते. दारावरच्या पाटीवर ‘दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग’ असे लिहिलेले असते. त्याच खुर्चीवरून कधी बांधाच्या भांडणात मनाई हुकूम निघतो, तर कधी मारामारीतल्या आरोपीला जामीन मिळतो. खुर्ची एकच असली तरी प्रत्येक कामाची कार्यपद्धती, पुराव्याची कसोटी आणि निकालाचे स्वरूप वेगळे असते.

दिवाणी कामकाज आजही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार चालते. फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून मोठा बदल झाला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यामुळे फसवणुकीसाठी सर्वांच्या तोंडी बसलेले ‘चारसो बीस’ हे कलम आता ३१८ झाले आहे.

गुन्ह्यांचा कायदा देशभर जवळपास सारखा असतो. लग्न, वारसा, दत्तक यांचे दिवाणी नियम मात्र समाजागणिक आणि प्रदेशागणिक बदलतात. गोव्यात खून किंवा चोरीला लागू होणारी संहिता महाराष्ट्रातलीच आहे. पण पती-पत्नीच्या मालमत्तेविषयी तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या तरतुदी अजून पाळल्या जातात. सावंतवाडी आणि पेडण्यातले अंतर फार नाही, तरी घराच्या वाटणीचा वाद दोन्हीकडे वेगळ्या कायद्याने सुटतो.

दिवाणी आणि फौजदारी कायद्यांतला सर्वांत खोल फरक पुराव्याच्या कसोटीत आहे. फौजदारी न्यायालयात गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधीशाच्या मनात रास्त शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो, कारण इथे चुकलेल्या निर्णयाने एखाद्याचे स्वातंत्र्य, क्वचित प्राणही जाऊ शकतात. दिवाणी दाव्यात दोन्ही बाजू तोलून जी अधिक संभवनीय वाटते ती ग्राह्य धरली जाते. म्हणूनच अपघातातला ट्रकचालक फौजदारी खटल्यातून संशयाचा फायदा मिळून सुटला, तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच अपघातासाठी मृताच्या कुटुंबाला भरपाई देऊ शकते. लोकांना हा विरोधाभास वाटतो. वास्तविक दोन्ही न्यायालयांनी आपापल्या कसोटीवर दिलेली ती दोन उत्तरे असतात.

स्वातंत्र्य पणाला लागलेले असते म्हणूनच आरोपीला राज्यघटनेचे विशेष संरक्षण मिळते. अनुच्छेद २० नुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही आणि एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवून शिक्षा देता येत नाही. आरोपी गप्प राहिला म्हणून त्याला दोषी मानता येत नाही. दिवाणी दाव्यात उलट आहे. स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट सांगायला जो पक्षकार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतच नाही, त्याच्याविषयी न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते.

निकालानंतरचे चित्रही वेगळे. गुन्हा सिद्ध झाला की तुरुंग, दंड किंवा भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी आणलेली समाजसेवेची शिक्षा. दावा सिद्ध झाला की हुकूमनामा: अमुक रक्कम द्या, जमिनीचा ताबा सोडा, भिंत बांधू नका, करार पुरा करा. आणि अनेक पक्षकारांची खरी परीक्षा हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होते. समोरचा ऐकत नसेल तर तो अंमलात आणण्यासाठी पुन्हा दरखास्त दाखल करावी लागते. मग बेलिफ, जप्ती, लिलाव असा दुसरा प्रवास चालू होतो.

कर्ज बुडवले म्हणून तुरुंगात टाकता येते का, हा प्रश्न अनेकांना पडतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद आहे: हुकूमनाम्याची रक्कम ५ हजार रुपयांपेक्षा जास्त असेल तर ऋणकोला जास्तीत जास्त ३ महिने दिवाणी तुरुंगात ठेवता येते. तिथून सुटल्यावर कर्ज फिटलेले नसते; ते अंगावर राहतेच. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या तरतुदीला माणुसकीची मर्यादा घालून दिली. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि तरी जो बेइमानीने देत नाही, त्यालाच तुरुंग दाखवता येईल. केवळ गरिबीमुळे कर्ज न फेडू शकणाऱ्या माणसाला तुरुंगात डांबणे घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये बसत नाही.

काही कृत्यांना मात्र दोन्ही दारे उघडी असतात, आणि इथेही टिळकांचेच चरित्र मदतीला येते. १८८२ मध्ये कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आलेल्या मजकुरावरून टिळक व आगरकर यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला झाला. ४ महिन्यांची शिक्षा लागली आणि दोघांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. १९१९ मध्ये टिळक लंडनच्या न्यायालयात वादी म्हणून उभे होते. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या पुस्तकातल्या मजकुराने आपली बदनामी झाली, असा त्यांचा दिवाणी दावा होता. ते हरले. पहिल्या प्रकरणाची किंमत तुरुंगवासाने मोजली, दुसऱ्याची पैशाने: दाव्याच्या प्रचंड खर्चाचा भार त्यांच्यावर आला आणि महाराष्ट्रात त्यासाठी निधी जमवला गेला. भारतात आजही अब्रुनुकसानीबद्दल भरपाईचा दावा करता येतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली खटलाही भरता येतो. बदनामी हा गुन्हा असावा का, यावर मोठा वाद झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनेशी सुसंगत ठरवली.

दोन दारे असण्याचा अर्थ भोपाळने देशाला सर्वांत दुःखद रीतीने शिकवला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. पीडितांच्या वतीने दावे लढवण्याचा अधिकार १९८५ च्या कायद्याने केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तिच्यात दिवाणी दाव्यांबरोबर फौजदारी खटलेही गुंडाळले गेले आणि त्यावर देशभर संताप उसळला. भरपाई देऊन माणूस गुन्ह्यातून सुटतो का, हाच तो प्रश्न होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची तडजोड कायम ठेवली, पण फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले. पैशाचा हिशेब पक्षकार आपसात मिटवू शकतात. इतक्या मृत्यूंची फौजदारी जबाबदारी मिटवण्याचा अधिकार त्या तडजोडीला नव्हता.

त्यानंतरही पीडितांच्या पदरात थोडेच पडले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप सौम्य करून निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम लावले, ज्यात तेव्हा कमाल शिक्षा २ वर्षे होती. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना तेवढीच शिक्षा दिली. वाढीव भरपाईची मागणीही मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. दोन्ही मार्ग उघडे असूनही दोन्हीकडे न्याय तोकडा पडू शकतो, याची ही ठळक नोंद आहे.

दैनंदिन व्यवहारात या दोन कायद्यांची सरमिसळ सर्वांत जास्त दिसते ती न वटलेल्या चेकमध्ये. उसने पैसे परत न करणे हा मुळात दिवाणी वाद. पण चेकवरचा विश्वास टिकावा म्हणून १ एप्रिल १९८९ पासून परक्राम्य संलेख अधिनियमात कलम १३८ आले आणि अपुऱ्या शिलकीमुळे परत आलेला चेक गुन्हा झाला. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर १५ दिवस पैसे देण्याची मुभा असते आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार करावी लागते. खटला फौजदारी असला तरी बहुतेक तक्रारदारांना हवे असतात ते आपले पैसे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा खटल्याला फौजदारी लांडग्याच्या कातड्यातली दिवाणी मेंढी म्हटले होते.

या सरमिसळीचा गैरफायदाही घेतला जातो. भागीदारी मोडली, फ्लॅटचा ताबा लांबला, मालाचे पैसे थकले, की अनेकजण दावा लावण्याऐवजी पोलीस ठाणे गाठतात, कारण अटकेच्या भीतीने पैसे लवकर निघतात. सर्वोच्च न्यायालयाने याविरुद्ध वारंवार बजावले आहे. २००६ च्या इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी इंडिया निकालात व्यावसायिक वादांना गुन्ह्याचे रूप देण्याच्या वाढत्या प्रवृत्तीवर न्यायालयाने स्पष्ट नाराजी नोंदवली. कसोटी अशी की, करार मोडणे म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच न देण्याचा इरादा होता का, हे पाहावे लागते. व्यवहार प्रामाणिकपणे सुरू झाला आणि पुढे धंदा बुडाला, तर तो दिवाणी वाद. बनावट सातबारा दाखवून किंवा एकच प्लॉट चौघांना विकून पैसे उकळले, तर तो गुन्हा.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच त्रासाची. बनावट सातबारा दाखवून लुबाडलेल्या माणसाला ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ असे ठाण्यातून सांगितले जाते. २०१३ च्या ललिता कुमारी निकालानुसार तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. व्यापारी व्यवहारांसारख्या मोजक्या बाबतीत आधी प्राथमिक चौकशी करता येते. पोलिसांनी नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. व्यवहार कागदावर झाला, एवढ्यावरून गुन्ह्याची शक्यता संपत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक मुदतीच्या हिशेबात होते. पैशाच्या बहुतेक दाव्यांना ३ वर्षांची आणि स्थावर मालमत्तेच्या ताब्याच्या दाव्याला साधारण १२ वर्षांची मुदत असते. एफआयआर नोंदवली, आरोपपत्र दाखल झाले, तारखा पडू लागल्या म्हणून ही मुदत थांबत नाही. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहणाऱ्या माणसाचा दिवाणी हक्क मधल्या काळात कालबाह्य होऊ शकतो. आरोपीला शिक्षा झाली तरी बुडालेली रक्कम वसूल करण्याचे मुख्य साधन हातचे गेलेले असते. दोन्ही मार्ग खुले असतील तर दोन्हींच्या मुदती पहिल्याच दिवशी वकिलाकडून लिहून घ्याव्यात. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, मग काम दिवाणी असो वा फौजदारी. दिवाणी वाद आणि तडजोडयोग्य गुन्हे याच यंत्रणेच्या लोकअदालतीत मिटवता येतात. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, त्यावर अपील नसते आणि आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते.